गाठीतील गुणसूत्रे उजळविणारे रंग

काखेत किंवा जांघेत गाठ आली की आपल्याकडे ‘अवधाण आले’ असे म्हणतात. पायाची जखम पिकली की जांघेत अवधाण येते आणि जखम भरली की ते जिरते. मानेवर गाठींची माळच उठली तर तिला गंडमाळ म्हणतात. तिच्यामागे बहुतेक वेळा क्षयरोग असतो. अवधाण काय किंवा गंडमाळ काय, सुजतात त्या लसिका ग्रंथीच. शरीराच्या संरक्षणासाठी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची ही ठाणी होत. या पेशींपैकी लिम्फोसाईट नावाच्या पेशी बेसुमार वाढू लागल्या की जो कर्करोग होतो त्याला लिम्फोमा म्हणतात.

लिम्फोमा हा एकच आजार नाही. त्याचे अनेक प्रकार आहेत. काही प्रकार वर्षानुवर्षे संथपणे वाढतात, तर काहींत गाठ दोन-तीन दिवसांत दुप्पट होऊ शकते. साहजिकच सर्वांना एकच औषध चालत नाही. नुसत्या हाताला गाठ कशी लागते यावरून प्रकार ओळखता येत नाही आणि कित्येकदा सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहूनही तो नक्की सांगता येत नाही. अशा वेळी पेशीच्या आत शिरून तिची गुणसूत्रे पाहावी लागतात. हे काम सोपे करणाऱ्या चमकदार रंगांची ओळख आजच्या लेखात करून घेऊ. त्याबरोबरच या तपासणीसाठी रुग्णाने व नातेवाइकांनी कोणती काळजी घ्यावी, हेही पाहू.

गुणसूत्रे म्हणजे काय?

आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचे धागे असतात. एका पेशीतील सर्व धागे सरळ करून जोडले तर त्यांची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. पेशी दोन होण्याच्या वेळी हे धागे आवळून गुंडाळले जातात आणि आखूड, जाड कांड्यांसारखे दिसू लागतात. यांनाच गुणसूत्रे म्हणतात. माणसात ती ४६, म्हणजे २३ जोड्या असतात. हा आकडा निश्चित झाला तो जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांच्या १९५६ मधील निबंधाने. त्याआधी कित्येक वर्षे शास्त्रज्ञ ४८ धरून चालले होते.

गुणसूत्रे मोजण्यासाठी पेशी विभागणीच्या ऐन मध्यावर थांबवावी लागते. त्यासाठी कोल्चिसीन किंवा त्याच्यासारखे द्रव्य वापरतात. कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांनी लक्ष वेधून घेणारी कळलावी आपल्याला ठाऊक आहे. तिच्या कंदात हेच कोल्चिसीन असते आणि म्हणूनच तो कंद अत्यंत विषारी आहे. विभागणी थांबलेल्या पेशी क्षारांचे प्रमाण कमी असलेल्या पाण्यात फुगवतात, मिथेनॉल व ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात पक्क्या करतात आणि त्यांचा थेंब काचेवर टाकतात. गुणसूत्रे काचेवर पसरतात. मात्र ती जवळजवळ पारदर्शक असतात. म्हणून त्यांना रंग द्यावा लागतो.

साध्या रंगाने सर्व गुणसूत्रे सारखीच रंगतात. मग लांबीवरून त्यांचे गट पाडता येतात. पण १४ वे कोणते आणि १५ वे कोणते, हे सांगता येत नाही. एखाद्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा तुटून दुसऱ्याला चिकटला असेल तर तो मुळीच लक्षात येत नाही. चमकदार रंगांनी ही अडचण दूर केली.

ट्यूबलाईटचे तत्त्व

घरातली ट्यूबलाईट कशी पेटते ते पाहू. नळीच्या आत पाऱ्याच्या वाफेतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. नळीला आतून लावलेली पांढरी पूड ते शोषून घेते आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकते. याला प्रतिदीप्ती किंवा फ्लुरोसन्स असे म्हणतात. चमकदार रंगांचे काम याच तत्त्वावर चालते. रंगविलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तिच्यावर अतिनील किरण सोडले की रंगाचे कण निळा, हिरवा किंवा लाल प्रकाश देतात. आजूबाजूला काळोख आणि मधोमध उजळलेली गुणसूत्रे, असे दृश्य दिसते.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की काही रंग डीएनएच्या सर्व भागांना सारखे चिकटत नाहीत. डीएनए चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो. ती अक्षरे ए, टी, जी व सी. डॅपी नावाचा रंग ए-टी अक्षरे जेथे दाट असतात तेथे डीएनएच्या खाचेत जाऊन बसतो आणि तेथेच अधिक चमकतो. क्रोमोमायसीन हे द्रव्य याउलट जी-सी भागाला धरते. त्यामुळे गुणसूत्रावर उजळ आणि अंधूक पट्टे उमटतात. प्रत्येक गुणसूत्राची पट्ट्यांची मांडणी वेगळी व ठरावीक असते. साडीच्या काठावरून जाणकार बाई पैठणी की इरकल ते सांगते, तसा प्रशिक्षित तंत्रज्ञ पट्ट्यांवरून गुणसूत्राचा क्रमांक सांगतो.

मलेरियाच्या औषधाचे नातेवाईक

हे रंग आले कोठून, ही हकीकतही मनोरंजक आहे. पट्टे प्रथम दाखविले ते स्वीडनमधील टॉर्बयॉर्न कास्पर्सन, लोरे झेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९७० च्या सुमारास. त्यांनी वापरलेला रंग क्विनाक्रिन या द्रव्यापासून बनविलेला होता. क्विनाक्रिन हे मलेरियाचे औषध. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना ते मोठ्या प्रमाणावर देत आणि त्यामुळे त्यांची कातडी पिवळी पडे.

डॅपी हा रंग १९७१ मध्ये जर्मनीतील ओटो डान यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला. तेथे शोध चालला होता आफ्रिकेतील निद्रारोगावरील औषधाचा. औषध म्हणून डॅपीचा उपयोग झाला नाही. मात्र डीएनएला चिकटून चमकण्याचा त्याचा गुण जगभरच्या प्रयोगशाळांना उपयोगी पडला.

तिसऱ्या रंगाचे नाव मुलुंडकरांना ओळखीचे वाटेल. तो म्हणजे ‘हेक्स्ट ३३२५८’. जर्मनीतील हेक्स्ट या औषध कंपनीने तो तयार केला आणि ३३२५८ हा कंपनीच्या वहीतील त्या द्रव्याचा क्रमांक. याच कंपनीचा कारखाना आणि संशोधन केंद्र मुलुंडला होते व उपनगरातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ त्यावर चाले. हा रंग मात्र मुलुंडचा नव्हे, जर्मनीचा. १९९९ मध्ये विलीनीकरणानंतर हेक्स्ट हे नाव कंपन्यांच्या यादीतून गेले, तरी रंगाच्या बाटलीवर ते आजही टिकून आहे.

बर्किटच्या गाठीचा उलगडा

लिम्फोमाच्या अभ्यासात या रंगांनी काय साधले, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. आफ्रिकेतील युगांडा देशात काम करणारे शस्त्रवैद्य डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या एका गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे या आजाराला बर्किट लिम्फोमा असे नाव पडले. आपल्याकडेही तो मुलांत आढळतो. मात्र येथे तो जबड्यापेक्षा पोटात अधिक दिसतो.

१९७२ मध्ये स्वीडनमध्ये काम करणारे बल्गेरियाचे गेओर्गी मानोलोव्ह आणि यांका मानोलोवा या दांपत्याने बर्किटच्या गाठीतील गुणसूत्रे चमकदार रंगाने पाहिली. त्यांना जोडीतील एका १४ व्या गुणसूत्राच्या टोकाला एक जादा पट्टा दिसला. तो आला कोठून? १९७६ मध्ये लोरे झेक व सहकाऱ्यांनी दाखविले की तो तुकडा ८ व्या गुणसूत्राचा आहे. ८ आणि १४ या दोघांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केली होती. १९८२ मध्ये त्या तुकड्यात काय आहे तेही कळले. ८ व्या गुणसूत्रावर मिक नावाचे जनुक असते. पेशीला ‘वाढ, विभाग’ असा हुकूम देणे हे त्याचे काम. १४ व्या गुणसूत्रावर प्रतिपिंडे तयार करणारे जनुक असते आणि लिम्फोसाईटमध्ये ते सतत चालू असते.

सोसायटीतील पाण्याच्या पंपाचे उदाहरण घ्या. पंप ठरावीक वेळीच चालावा म्हणून त्याचे बटण वेगळे असते. समजा, कोणी चुकून पंपाची तार चोवीस तास चालू असणाऱ्या जिन्यातल्या दिव्याला जोडली. मग पंप थांबणारच नाही, टाकी भरून वाहू लागेल. मिक जनुक १४ व्या गुणसूत्रावर जाऊन बसले की नेमके हेच होते. वाढीचा हुकूम थांबत नाही आणि गाठ वाहत्या टाकीसारखी वाढत जाते.

इतर लिम्फोमांतही अशा अदलाबदली सापडल्या. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या बहुसंख्य रुग्णांत १४ व १८ यांची, तर मँटल सेल लिम्फोमात ११ व १४ यांची अदलाबदल असते. ही अदलाबदल आईवडिलांकडून आलेली नसते. ती जन्मानंतर एखाद्या पेशीत घडते. तेव्हा ‘आमच्या घराण्याचा दोष’ म्हणून कोणी स्वतःला बोल लावून घेऊ नये.

‘फिश’ तपासणी

पट्ट्यांच्या पद्धतीत एक मोठी अडचण आहे. तिला जिवंत व विभागणाऱ्या पेशी लागतात. गाठीचा तुकडा ताजा, निर्जंतुक द्रवात, वेळेवर प्रयोगशाळेत पोहोचला नाही तर काहीच हाती लागत नाही. या अडचणीवर तोडगा म्हणून १९८० नंतर फिश ही तपासणी पुढे आली. मासळीशी तिचा काही संबंध नाही. लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे.

या पद्धतीत हव्या त्या जनुकाशी तंतोतंत जुळणारा डीएनएचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत तयार करतात आणि त्याला चमकदार रंग जोडतात. काचेवरील पेशी तापवून त्यांच्या डीएनएचे दोन पदर उलगडले की हा तुकडा आपली जोडी शोधून तेथे चिकटतो. मिक जनुकाच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा तुकडा लावला, असे समजा. जनुक जागेवर असेल तर दोन्ही ठिपके एकमेकांना चिकटून पिवळसर दिसतात. मध्ये तुटले असेल तर लाल एकीकडे आणि हिरवा दुसरीकडे दिसतो. मागे केंद्रकाची हद्द दाखविण्यासाठी डॅपीचा निळा उजेड असतोच. तंत्रज्ञ शंभर-दोनशे केंद्रके मोजून किती पेशींत फाटाफूट आहे ते लिहितो.

फिशसाठी पेशी विभागणारी असण्याची गरज नाही. फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात बसविलेल्या गाठीच्या तुकड्यावर, म्हणजे ज्याला ‘ब्लॉक’ म्हणतात त्यावरही ती करता येते. तिला मर्यादाही आहे. जे जनुक शोधायला सांगितले तेवढेच ती दाखविते. पट्ट्यांची पद्धत म्हणजे सगळ्या चाळीतून फेरी मारणे. फिश म्हणजे एकाच खोलीचे दार ठोठावून पाहणे. शिवाय काही निरोगी माणसांच्या रक्तातही १४ व १८ ची अदलाबदल झालेल्या थोड्या पेशी सापडतात. म्हणून केवळ फिशच्या कागदावरून निदान होत नाही. पेशींचे रूप, इतर तपासण्या आणि रुग्णाची प्रकृती हे सारे एकत्र पाहून डॉक्टर निर्णय घेतात.

उपचारात काय फरक पडतो?

फरक मोठा पडतो. बर्किट लिम्फोमाला जोरदार आणि लवकर सुरू होणारी केमोथेरपी लागते. ती वेळेवर मिळाली तर बहुतेक मुले पूर्ण बरी होऊ शकतात. सौम्य औषधात वेळ गेला तर गाठ हाताबाहेर जाते. याउलट फॉलिक्युलर लिम्फोमाच्या काही रुग्णांना लगेच औषध न देता नुसते लक्ष ठेवणेही योग्य ठरते. मोठ्या पेशींच्या लिम्फोमात मिक आणि बीसीएल-२ ही दोन्ही जनुके जागेवरून हलली असतील तर आजार अधिक आक्रमक असतो. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात वेगळा गणला जातो आणि नेहमीच्या औषधयोजनेपेक्षा तीव्र योजनेचा विचार करावा लागतो. थोडक्यात, लाल-हिरव्या दोन ठिपक्यांतील अंतरावर पुढच्या सहा महिन्यांचे औषध ठरू शकते.

ही सोय आपल्याजवळ कोठे आहे?

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक. हेच केंद्र २००२ मध्ये खारघरला गेले आणि आज ते ॲक्ट्रेक या नावाने ओळखले जाते. टाटा मेमोरियल सेंटरची कर्करोगातील गुणसूत्रे तपासणारी प्रयोगशाळा तेथेच आहे. काही खासगी प्रयोगशाळांतही फिश होते. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडचा रुग्ण पुष्कळदा जवळच्या दवाखान्यात गाठ काढून घेतो आणि मग परळची वाट धरतो. येथेच काळजी घेण्याची गरज असते, कारण उत्तम प्रयोगशाळेलाही खराब झालेल्या तुकड्यातून काही वाचता येत नाही.

हे लक्षात ठेवा

१. न दुखणारी गाठ तीन-चार आठवडे टिकली, वाढत गेली किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर आली तर डॉक्टरांना दाखवा. बरोबर ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट असेल तर थांबूच नका.

२. हीच लक्षणे क्षयातही असतात आणि आपल्याकडे क्षय पुष्कळ आहे. म्हणून अंदाजाने औषध सुरू करण्याऐवजी शक्य तेथे गाठीची तपासणी करून घ्यावी. क्षयाचे औषध चालू असताना गाठ कधीकधी काही काळ वाढते. तेव्हा औषध आपल्या मनाने बंद करू नका. मात्र गाठ कमी होत नसेल तर ‘बायोप्सी करावी का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा.

३. सुईने काढलेल्या पाण्यापेक्षा शक्य असेल तेथे पूर्ण गाठ काढून केलेली तपासणी लिम्फोमासाठी अधिक उपयोगी पडते. सुईचा अहवाल ‘काही नाही’ असा आला आणि गाठ तशीच राहिली, तर प्रश्न संपला असे समजू नका.

४. बायोप्सीपूर्वी स्टेरॉईडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने आपल्या मनाने घेऊ नका. त्यांनी लिम्फोमाची गाठ तात्पुरती आकसते, पेशी मरतात आणि निदान चुकू शकते. आधी घेतली असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

५. गाठ कोणत्या द्रवात ठेवायची हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरले पाहिजे. गुणसूत्रांचे पट्टे पाहायचे असतील तर तुकडा ताजा, प्रयोगशाळेने दिलेल्या द्रवात आणि ताबडतोब पोहोचावा लागतो. फॉर्मलिनमध्ये टाकला की ती संधी गेली. फिश आणि नेहमीच्या तपासणीसाठी फॉर्मलिन चालते. बाटली नातेवाइकांच्या हाती दिली तर तिच्यावर नाव व वेळ आहे ना, ते पाहा. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ती रात्रभर घरी ठेवू नका.

६. मेणाचा ब्लॉक हा दागिन्यासारखा जपा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना प्रयोगशाळेकडून ब्लॉक, काचा व अहवालाची प्रत मागून घ्या आणि दिल्या-घेतल्याची पावती ठेवा. ब्लॉक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका, मेण वितळते. काचा लोकलच्या गर्दीत फुटतात, म्हणून त्या कडक डबीतून न्या.

७. अहवाल समजला नाही तर ‘कोणते जनुक पाहिले, किती पेशी मोजल्या आणि त्यामुळे औषध बदलते का?’ हे तीन प्रश्न विचारा. खर्च झेपत नसेल तर रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटा आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

शेवटी, नेहमी विचारली जाणारी एक शंका. हे चमकणारे रंग रुग्णाच्या अंगात टोचतात का? मुळीच नाही. ते फक्त काचेवरील पेशींना लावतात, त्यामुळे रुग्णाला त्यांचा काहीही त्रास होत नाही. उजेडात त्यांची चमक हळूहळू उडून जाते, म्हणून तंत्रज्ञ अंधाऱ्या खोलीत काम करतात आणि लगेच छायाचित्र घेऊन ठेवतात. चमक काही वेळाने विझते; ब्लॉक नीट जपला असेल तर मात्र तपासणी पुन्हा करता येते. तेव्हा गाठ अंगावर काढू नका आणि काढलेल्या गाठीचा तुकडा हरवू नका.